रिकामी कात्री

— नाही हो, मान नका वळवू. खाली, हनुवटी छातीला टेकवा, हं, अशी. आता बोला काय म्हणत होतात ते. टेलिफोनमध्ये? म्हणजे खांबावर चढणारे की — अच्छा, आत बसणारे. तेच म्हटलं, खांबावर चढणाऱ्याची मान अशी नसते, उन्हानं पार कातडं झालेलं असतं तिचं. मी माणूस मानेवरून ओळखतो. तोंड काय, तोंड फसवतं, माणसाला तोंडावर ताबा ठेवता येतो, मानेवर नाही. रागावला, घाबरला, खोटं बोलला — पहिलं मानेला कळतं, आणि मानेनंतर मला. हसू नका, हसताना कान हलतो आणि कान माझ्या कात्रीच्या फार जवळ आहे. तर काय करता तिथे नेमकं? आवाजाचे आकडे? आवाजाचे आकडे करता! कमाल आहे. थांबा, मला कळेल असं सांगा — म्हणजे माणूस बोलतो, तो आवाज असा सलग वाहत येतो, आणि तुमचं यंत्र त्याचे बारीक बारीक तुकडे पाडतं, एका सेकंदात हजारो, आणि प्रत्येक तुकडा केवढा ते मोजतं, आणि नुसती मापं पुढे पाठवतं — आवाज पाठवतच नाही? नुसती मापं? आणि पलीकडचं यंत्र त्या मापांवरून पुन्हा आवाज उभा करतं. अहो, मग तुम्ही माझ्याच धंद्यातले की! मी तरी केस सलग कुठे कापतो? ही बट चिमटीत धरली, माप घेतलं, कच्, पुढची बट, माप, कच् — आणि आरशात बघाल तर सगळं सलग. पायऱ्या दिसल्या की समजायचं कारागीर कच्चा. तुमच्यातही पायऱ्या पडतात? बघा, म्हटलं ना.

पण बरं झालं तुम्ही आलात. तुमच्या खात्याचा कोणी भेटला की आभार मानायचे असं ठरवूनच ठेवलं होतं मी. तक्रार नाही हो, आभार! दचकलात ना? सवय नसेल. ती पेटी बघा, आरशाच्या बाजूला, हिरवा दिवा लुकलुकतोय ती. गेल्या महिन्यात तुमची माणसं येऊन बसवून गेली, जुनी तार उपटून नेली. मी भांडलो होतो त्यांच्याशी. माझी जुनी लाइन होती ना, तिच्यात खरखर, मधेच तिसऱ्याच कोणाची तरी सासू बोलायची, पावसाळ्यात तर कानात भजन चालल्यासारखं — पण चालायची. म्हटलं हात लावू नका. ऐकतात कुठे. आणि मग त्या नव्या लाइनवर पहिलाच फोन आला तो माझ्या भावाचा. म्हणजे पुतणीचा. असा स्वच्छ, की जणू पोरगी या शेजारच्या खुर्चीत येऊन बसलीय. आणि त्या फोननं माझ्या भावाचा जीव — सांगतो, सांगतो, ही बाजू उरकू द्या. डोकं अर्धं सोडून कारागिरानं बोलत बसायचं नाही, हे आमच्या वडिलांचं. पलीकडच्या दुकानाला आग लागली होती एकदा, खरोखरची आग, लोक बादल्या घेऊन धावताहेत, गिऱ्हाईक उठायला बघतंय — वडिलांनी त्याला खांदा दाबून खाली बसवलं, डोकं पुरं केलं, मानेवरचे केस झटकले, आरसा दाखवला, आणि मग स्वतः बादली उचलली. अर्ध्या डोक्यानं या दुकानातून कोणी बाहेर गेलेलं नाही आजवर.

आणि दुसरा नियम — गिऱ्हाइकाच्या डोक्यावर कारागिरांनी आपसात बोलायचं नाही. बोललं की कंगवा पाठीत. मी तुमच्याशी बोलतोय, ते वेगळं. मी आणि दादा, दोन खुर्च्या, दिवसभर उभे, आणि दादा म्हणजे गप्पिष्ट, न बोलता त्याला अन्न पचायचं नाही. मग करायचं काय? तर ही. ऐका. ही अशी, अंगठा आणि करंगळीच्या शेजारचं बोट, केसाला न लागता, नुसती हवेत — टिक टिक टिक. हिला रिकामी कात्री म्हणतो आम्ही. सगळेच वाजवतात, पात्यात अडकलेले केस झडतात, हाताची लय राहते, आणि गिऱ्हाइकाला वाटतं काम जोरात चाललंय. आम्ही दोघांनी तिची भाषा केली. एकदा टिक म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. सलग लांबलचक वाजवली म्हणजे वाचव मला, हा माणूस सोडत नाहीये. अशी अडखळत वाजवली म्हणजे याचे केस रंगवलेले आहेत आणि हा कबूल करत नाही. तुमचं? नाही हो, तुमचं काही वाजवलं नाही, वाजवायचं कोणासाठी, ती खुर्ची रिकामी आहे. पुढे दादा मुलगी बघून आला, वडिलांनी गिऱ्हाइकाच्या डोक्यावरूनच विचारलं, पसंत आहे का, आणि हा लाजेनं मेला, तोंडातून शब्द फुटेना, हात मात्र आपोआप — टिक. एकदा. वडील शांतपणे म्हणाले, मग कळवून टाकतो. म्हणजे त्यांना सगळं कळत होतं! इतकी वर्षं आम्ही त्यांच्याबद्दलही काय काय वाजवलं होतं, विचारू नका. पण एक सांगतो, कात्रीनं आम्ही कधी खोटं बोललो नाही एकमेकांशी. तोंडानं पुष्कळ. कात्रीनं नाही.

मग दादाचा गळा गेला. गाठ निघाली, डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं, इथे, बरोबर इथे जिथे तुमची कॉलर आहे, भोक. त्यातून श्वास. आवाज कायमचा बंद. वहिनी आधीच गेलेल्या, मुलगी येऊन घेऊन गेली त्याला तिच्या गावाला. मला वाटलं, संपलं. गप्पिष्ट माणूस मुका झाला, आता कसला बोलतो. तर सुट्टीच्या दिवशी फोन वाजला, उचलला, कोणी बोलेना, नुसती खरखर — आणि मग टिक.  जाताना कात्री घेऊन गेला होता बेटा, खिशात घालून! मग काय, दर सुट्टीला. मी बोलायचो, तो वाजवायचा. जेवलास का, टिक. जावई नीट वागतो का, टिक — पण जरा उशिरानं, म्हणजे समजायचं. इकडे यायचं का, यावर काही वाजवायचा नाही. तो तोंडानं बोलत होता तेव्हा आम्ही फोनवर इतकं कधी बोललो नव्हतो. आणि त्या जुन्या लाइनवर, काय सांगू, सगळं जग खरखरायचं पण कात्री अशी यायची जणू शेजारी उभा आहे.

मान डावीकडे. हं. तर गेल्याच महिन्यात दुखणं उलटलं. डॉक्टर म्हणाले दुसरं ऑपरेशन, पहिल्यापेक्षा मोठं. केलं तर जगेलही कदाचित बरेच दिवस, पण पोटात नळी, खाट, दवाखाना, तेच सगळं. नाही केलं तर थोडे महिने, पण घरी, खिडकीशी, आपल्या पायांवर. करायचं का? पोरगी म्हणते करायचंच, पोरगी ती, ती दुसरं काय म्हणणार. आणि दादा तिच्यासमोर प्रत्येक गोष्टीला मान डोलावतो. ती म्हणाली पाऊस पडतोय, तर हा घरात छत्री उघडेल. लेकीला नाही म्हणणं त्याला जन्मात जमलं नाही. डॉक्टर शहाणा होता, म्हणाला ही मान डोलावणी मी धरत नाही, त्यांच्या मनातलं कळू दे, आणि आज संध्याकाळपर्यंत कळू दे. पाटी दिली तर लिहीना, कारण लिहिलेलं पोरगी वाचणार. मग तिनंच मला फोन केला, रडतच. म्हणाली, काका, तुम्ही विचारा, तुमच्याशी ते खरं बोलतील, मी फोन त्यांच्या हातात देऊन बाहेर जाते. मी जाऊ शकत नव्हतो हो, रात्रभराचा प्रवास, आणि संध्याकाळ तर झालीच होती. म्हटलं दे. दार लागल्याचं ऐकू आलं मला, इतकी स्वच्छ लाइन. मी म्हटलं, दादा, तिचा विचार करू नको, माझाही करू नको, तुझं तू सांग, हे ऑपरेशन करायचं का? आणि डोळे मिटून उभा राहिलो, तिथेच, त्या पेटीपाशी.

टिक. एक.

खरं सांगू? मला वाटलं होतं दोन येतील. मी त्याला ओळखतो ना, नळ्या लावून पडून राहणारा माणूस नाही तो. दोन ऐकायची तयारी करून उभा होतो मी, आणि आलं एक. त्या पेटीलाच हात जोडले मी. महत्त्वाचं असलं की पुन्हा एकदा वाजवून घ्यायचं, ही आमची पद्धत, मी नाही घेतलं. हातात पडलेलं कोण परत टाकतो. म्हटलं, ठीक आहे दादा, मी आहे, काळजी करू नको. मग तो काही बोलला नाही. लाइन अशी शांत, मंद सळसळ नुसती, मला वाटलं निवांत श्वास घेतोय, मनावरचं ओझं उतरलं त्याच्या. ठेवला फोन. दुसऱ्या दिवशी सकाळीच घेतला त्याला आत. म्हणून म्हणतो, आभार. त्या जुन्या खरखरीत, कात्री कितीही नीट येत असली तरी, असल्या वेळी एक की दोन, मला शंका राहिली असती. पोरगीनं नंतर सांगितलं, काका, तुम्ही फोन ठेवलात तरी बाबा कात्री वाजवतच बसले होते, मी आत गेले तर फोन बंद आणि यांचं चाललंय टिकटिक, घामाघूम झालेले. हसलो दोघं. म्हटलं, अगं, सवय आहे ती, पन्नास वर्षांचा हात आहे. आता? आता आहे की. पडून आहे. नळ्या ओढतो म्हणून हात बांधून ठेवलेत जरासे. तिच्याकडे बघत नाही म्हणे, भिंतीकडे तोंड करून असतो. दुखत असणार ना हो, एवढं मोठं —

काय झालं? लागलं का? मग मान का ताठ झाली? नाही कशी, माझ्या हाताखाली आहे ती. आत्ता तुम्ही काहीतरी गिळलंत, मी मघाशीच सांगितलं ना, तोंड नाही, मान. बोला. मी कुठे चुकलो का, आकड्यांचं काही चुकीचं समजलो का? मग? सळसळ? ती सळसळ त्याची नव्हती? मग कोणाची? या पेटीची? पेटी स्वतःच करते? कशासाठी? म्हणजे पलीकडे कोणी बोलत नसलं की तिकडचं यंत्र काही पाठवतच नाही, बोलणं नाही म्हणून — आणि इकडे एकदम सामसूम झाली तर माणसाला वाटेल लाइन तुटली, म्हणून इकडची पेटी आपल्या मनानं सळसळ करत राहते. माणसाला बरं वाटावं म्हणून. अच्छा. बरं वाटलं होतं, नाही म्हणत नाही मी. पण तो बोलतच होता ना? कात्री वाजवतच होता, घामाघूम — ते? ते बोलणं नाही. बरोबर, यंत्राच्या हिशेबी ते बोलणं कसं असेल. माणसाचा आवाज असा असा असतो हे त्याला शिकवलेलं, पंख्याची घरघर, भांड्यांचा आवाज, दाराचा, तो सगळा कचरा, झाडून टाकायचा. मीही झाडतोच की खाली पडलेले. आणि जुन्या लाइनवर? तिथे झाडणारं कोणी नव्हतंच, खरखर काय नि कात्री काय, सगळंच यायचं. बरं. पण मग एक तरी कशी आली? ती आली ना मला, स्वच्छ आली. सांगा ना. घाबरू नका, कात्री खाली ठेवतो मी, ही बघा ठेवली.

सावकाश. पुन्हा सांगा. बराच वेळ शांत होतं, म्हणून तिकडचं यंत्र बंद करून बसलेलं. पहिला आवाज झाला की ते जागं होतं, हे बोलणं आहे का बघायला. बघेपर्यंत तो आवाज संपलेला असतो. दार उघडतं, तेव्हा दुसरा आलेला असतो, तो जातो. मग हे बोलणं नाही असं ठरलं की दार पुन्हा बंद, पुढचं सगळं कचऱ्यात. माणूस बोलत असला तर काही बिघडत नाही, शब्दाचं टोक जरा तुटतं, कळतही नाही. आणि कात्री असली तर — तुम्ही 'असू शकतं' म्हणताय. नेहमी असं नाही. प्रत्येक यंत्र वेगळं. हो, हो, कळलं. असू शकतं. उठा. उठा म्हणतो, कापड राहू द्या गळ्याला. तुमचा मोबाइल द्या. दुकानाचा नंबर हा इथे आरशावर चिकटवलाय, लावा आणि द्या माझ्याकडे. तुम्ही इथे पेटीपाशी उभे राहा, दुकानाचा फोन कानाला. मी बाहेर जातो. काच आहे मधे, मला दिसाल. काही बोलू नका, बोटानं दाखवा.

येतंय ऐकू? बरं. आता गप्प बसूया दोघंही. तो पण गप्प बसला होता थोडा वेळ, विचार करत...

वाजवली. किती? बोट वर करा, दिसत नाहीये, उजेडात या जरा. एक. अहो, दोन वाजवल्या मी, दोन, माझ्या हातानं. नीट कान लावा. थांबा, पुन्हा... आता? एक. मोबाइल फार लांब धरला असेल मी, हे बघा, अगदी टेकवून धरतो, सावकाश वाजवतो, एक... आणि दोन. आता किती? मान का खाली घातलीत? बोट दाखवा मला. बरं. राहू द्या. आता एक शेवटचं, आता मी वाजवतच राहतो, थांबत नाही, तो वाजवत होता तसं, तुम्ही ऐका. ऐका हं. ऐकताय? येतंय काही? नाही? काहीच नाही. शांत. सळसळ नुसती.

हा घ्या मोबाइल. बंद केला मी. नाही, पाणी नको. तुम्ही का माफी मागता, तुम्ही कुठे ते यंत्र — बसा, उजवी बाजू राहिलीय तुमची, करून टाकतो. हात थांबला की करतो. बघा कसा हलतोय, यानं कोणाच्या कानाजवळ जायचं. तो माझ्याशी भांडत होता हो. पन्नास वर्षांत कधी नव्हता भांडला, आणि मी फोन ठेवला त्याच्या तोंडावर, आभार मानत. — वाजू दे तो फोन. नाही, तुम्ही नका उचलू, पुतणीचा आहे, दवाखान्यात भेटायची वेळ आहे ही, रोज याच वेळेला करते. मीच घेतो.

हॅलो. हं बाळा. नाही, आवाजाला काही नाही झालं, गिऱ्हाईक बसलंय. कसे आहेत? हं. जेवण नळीतूनच ना. बघतात का तुझ्याकडे? असू दे, बघतील. बाळा, एक विचारू — तू म्हणाली होतीस ना, बांधलेल्या हाताची बोटं हलवतात म्हणून. अंगठा आणि ते करंगळीच्या शेजारचं. आत्ता हलवताहेत? कशी गं, सलग, की थांबून थांबून? जरा बघून सांग ना मला. मोजून सांग. मी धरतो फोन... हं. मग थांबले? हं. आता परत? किती वेळा?... बरं. नाही गं, काही नाही. सहज विचारलं. सवय ती, दुसरं काय, कारागिराचा हात रिकामा राहत नाही. हो बाळा. हो, त्यांनीच हो म्हटलं होतं, मी माझ्या कानानं ऐकलं ना, अगदी स्वच्छ. तू जबरदस्ती कुठे केलीस, वेडी का तू? त्यांच्याच मनात होतं. रडू नको. जवळ बैस त्यांच्या. नको, माझा फोन त्यांच्या कानाला नको लावूस आज, गिऱ्हाईक खोळंबलंय माझं. उद्या बोलतो. ठेव.

दोनदा. मग थांबतो जरा, आणि परत दोनदा. दिवसभर करतो म्हणाली, झोपेतसुद्धा.

ऐकलंत ना तुम्ही, काय सांगितलं मी तिला? खोटं सांगितलं आणि उद्याही तेच सांगणार आहे, आणि तो गेला की त्यानंतरही. तिला त्या एकावर उरलेला जन्म काढायचाय. तिथे जाऊन तरी मी काय करू, समोर उभा राहून काय विचारू त्याला? विचारायचं ते विचारून झालं, उत्तरही देऊन झालं त्याचं. नळ्या काढता येत नाहीत आता, डॉक्टरही काढणार नाही. नुसतं बघायचं त्या बोटांकडे.

कापड सोडतो. नाही, नाही जमणार आज, बघितलात ना हात. डावी बाजू झालीय, उजवी राहिलीय, टोपी असेल तर घाला, चौकात दुसरं दुकान आहे, तिथे सारखी करून घ्या. कोणी केली ही अर्धी म्हणून विचारलं तर माझं नाव सांगितलंत तरी चालेल. एवढंच करा, परत इकडे येऊ नका. तुमच्यावर राग नाही माझा, तुम्ही चांगले आहात, खरं बोललात. पण हे आता तुम्हाला ठाऊक आहे आणि मला, आणि तुम्ही या खुर्चीत बसलात की मला तुमची मान दिसेल. या आता. आरशात नका बघू. दार ओढून घ्या जाताना.